पाण्यात चालणाऱ्या गाडीची एजन्सी घ्यावी का?

शहाद्यात आमचं शेती अवजारांचं दुकान आहे. रोटाव्हेटर, थ्रेशर, पॉवर वीडर, फवारणी पंप आणि मागच्या शेडमध्ये दुरुस्ती. वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. मागच्या उन्हाळ्यात एका आयातदार कंपनीकडून विचारणा आली, की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी जमिनीवर आणि पाण्यातही चालणाऱ्या गाड्यांची डीलरशिप घ्याल का. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात, त्या गाडीचं काय झालं? दर वेळी तोंडी सांगताना निम्मं राहून जातं. शिवाय अशा विचारणा आता बाकीच्या दुकानदारांनाही येऊ लागल्या आहेत. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे.

आधी गाडी कसली ते सांगतो. या जातीत दोन प्रकार आपल्याला ऐकून माहीत असतात. एक कॅनडातली आर्गो. ओंटारियोतल्या न्यू हॅम्बर्गची कंपनी ती १९६७ पासून बनवते. सहा किंवा आठ लहान, फुगीर टायर, प्लास्टिकची होडीसारखी बॉडी आणि स्टिअरिंगच्या जागी मोटरसायकलसारखं हँडल. दुसरी रशियात जन्मलेली शेर्प. तिला माणसाच्या खांद्याला लागतील एवढे चार टायर असतात आणि ती या टायरांवरच तरंगते. याच शेर्पचं मोठं रूप 'एटोर एन१२००' नावाने आता भारतात बनतं आणि आपल्या लष्कराने २०२३ मध्ये अशा ९६ गाड्यांची मागणी नोंदवली. ती १,२०० किलो वजन घेऊन चालते. मला विचारणा आली ती आठ चाकांच्या, पहिल्या प्रकारातल्या गाडीसाठी.

माझं मन लगेच ओढलं गेलं आणि त्याला कारण होतं. आपल्या भागात पाणी आणि चिखल हा दर वर्षीचा विषय आहे. तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा अशी खालची सगळी बॅरेज लागोपाठ सोडावी लागतात आणि तापीकाठच्या गावांत दवंडी फिरते. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी शहरात शिरलं, कन्नड घाटात दरड कोसळली, कितीतरी जनावरं वाहून गेली. तिकडे आमचे नातेवाईक आहेत, त्यांनी ती सकाळ गच्चीवरून बघितली. आणि वर धडगाव-अक्कलकुव्याकडे तर सरदार सरोवराच्या फुगवट्याने गावांचे रस्तेच पाण्याखाली गेले. महाराष्ट्रातली ३३ गावं त्यात आली. त्या पट्ट्यात बाळंतिणीला आजही बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवतात, मग बोटीत बसवतात. हे सगळं डोळ्यांसमोर असताना पाण्यातून चालून तशीच काठावर चढणारी गाडी म्हटल्यावर धंद्याच्या आधी दुसरंच काहीतरी मनात येतं. ही वस्तू आपल्या मुलखात यायला हवी, असं मला मनापासून वाटलं. आजही वाटतं.

कंपनीच्या साहेबांनी ईमेलवर अटी पाठवल्या. तीन जिल्ह्यांचा हक्क फक्त आमचा. एक गाडी डेमोसाठी, दोन विक्रीसाठी, तिन्हींचे पैसे आगाऊ. सुट्या भागांचा पहिला साठा रोखीने. एक मेकॅनिक त्यांच्याकडे प्रशिक्षणाला पाठवायचा, त्याचा राहण्याजेवणाचा खर्च आमचा. वर्षाचं टार्गेट, आणि ते नाही झालं तर साठ दिवसांची नोटीस देऊन करार संपवण्याचा अधिकार त्यांना. सोबत पंधरा पानी कराराचा मसुदा. तो मी तेव्हा वरवर चाळला आणि सौ.कडे दिला. दुकानाचा हिशेब आणि कागदपत्रं तीच बघते. मी गाडी बघायला गेलो.

पुण्याकडे एका खासगी फार्मवर डेमो होता. धाकटा भाऊ आणि आमचा जुना मिस्त्री, दोघेही बरोबर होते. मिस्त्रीला नेलं हे फार बरं झालं.

गाडी चालवायला मिळाली, आणि चिखलात तिला तोड नाही हे कबूल करावंच लागेल. टायरमध्ये हवा जेमतेम तीन पौंड. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला आपण बारा-चौदा ठेवतो, त्यावरून अंदाज करा. पोटरीपर्यंत पाय रुतेल अशा काळ्या गाऱ्यात ती नुसती वरवर सरकत जाते. वळवताना एका बाजूची चाकं धीमी होतात आणि दुसऱ्या बाजूची ओढतात, त्यामुळे जागच्या जागी फिरते. बांध चढली, नाला उतरली. मग शेततळ्यासारख्या मोठ्या पाण्यात घातली. चाकं जमिनीवरून सुटली तो क्षण कळतो, हँडल एकदम हलकं होतं आणि टायरचे खोबणे वल्ह्याचं काम करू लागतात. पाणी आत येत नाही. भाऊ लहान मुलासारखा हसत होता.

पण पाण्यात तिचा वेग माणसाच्या चालण्याएवढा, ताशी चार-पाच किलोमीटर. डेमोच्या दिवशी वारा होता. पाण्याच्या मध्यावर वाऱ्याने तोंड फिरवलं आणि सरळ करायला बराच वेळ लागला. चालकाने सांगितलं, जास्त वापर असेल तर मागे बोटीचं इंजिन लावायची सोय असते, ते वेगळं घ्यावं लागतं. मी वहीत लिहिलं: पुराचं पाणी सेकंदाला दोन मीटर धरलं तरी ताशी सात किलोमीटरच्या वर जातं. म्हणजे वाहत्या पुरात ही गाडी काठावरच थांबली पाहिजे. साचलेलं पाणी, फुगवटा, दलदल, पाणी उतरल्यावरचा गाळ, ही तिची जागा. हे चालकानेही प्रामाणिकपणे सांगितलं. माहितीपत्रकात मात्र पुराचाच फोटो होता.

डेमो संपल्यावर आम्ही निघणार, तर मिस्त्री म्हणाला, "दादा, आता हे लोक गाडी धुतील ना, ते बघून जाऊ." ते बघायला थांबलो आणि खरी गाडी तिथे दिसली. आधी तळाचे बूच काढून आत झिरपलेलं पाणी सोडलं. मग बॉडीच्या खालचं पत्र्याचं झाकण काढलं. आतून प्रत्येक धुऱ्याला साखळी. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत साखळ्यांनीच जाते. साखळ्यांवर बारीक वाळू आणि गवत गुंडाळलेलं. ते काढणं, ताण तपासणं, तेल देणं. मग आठही चाकांच्या बेअरिंगना ग्रीस मारायचं, जुनं ग्रीस पाण्यासकट बाहेर येईपर्यंत. एका ठिकाणी पांढरं, ताकासारखं ग्रीस बाहेर आलं. मिस्त्रीने ते बोटावर घेऊन मला दाखवलं. सीलमधून पाणी गेलं होतं. दोन माणसं दुपार उलटेपर्यंत त्या एका गाडीला लागलेली होती. मिस्त्री येताना रस्त्यात एवढंच म्हणाला, की गाडी चांगली आहे, पण ती विकणाऱ्याने तिच्याजवळच राहायला पाहिजे. आपल्याकडे माल विकून मोकळं होण्याची सवय असलेल्या दुकानदाराने या वाक्यावर बराच वेळ घालवावा, असं मी म्हणेन.

परत आल्यावर मी तीन प्रश्नांवर काम सुरू केलं. रस्त्यावर चालेल का, घेईल कोण, आणि पैसे कुठून.

पहिल्याचं उत्तर लवकर मिळालं. मोटार वाहन कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार नोंदणीशिवाय कुठलंही वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि या प्रकारच्या गाडीला आपल्याकडे रस्त्यासाठीची मंजुरीच नाही. म्हणजे नंबर प्लेट नाही. शेतात, खासगी आवारात चालवा. गावातून शेतात न्यायची तर पिकअपवर किंवा ट्रॉलीवर टाकून. पोलारिस कंपनीने त्यांच्या स्पोर्ट्समन ५७० या चारचाकी एटीव्हीचा एक प्रकार भारतात ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून घेतला होता, त्यामुळे तो रस्त्यावर आणता येत होता. तसं काही करणार का, असं मी विचारलं. सध्या विचार नाही, असं उत्तर आलं. ज्या शेतकऱ्याची जमीन तीन तुकड्यांत, आणि मधून डांबरी रस्ता जातो, त्याच्यासाठी विषय तिथेच संपला. आणि आपल्याकडे असा शेतकरी दर दुसरा.

पर्यटनासाठी कुणी घेईल का हेही बघितलं. तोरणमाळला यशवंत तलाव आहे, सारंगखेड्याला घोडेबाजाराच्या दिवसांत लाखाची गर्दी असते. पण पाहुणे बसवून, पैसे घेऊन पाण्यात उतरायचं म्हटलं की २०२१ चा इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट समोर येतो, सर्वेक्षण आणि नोंदणीचा प्रश्न येतो, तलाव किंवा धरण ज्या खात्याचं त्याची परवानगी लागते, आणि जंगल असेल तर वन विभागाची वेगळी. नंबर नाही म्हणून गाडीचा नेहमीचा विमा नाही. उद्या कुणाचं काही झालं तर जबाबदार कोण, याचं उत्तर माझ्याकडे नसताना मी कुणाला ती गाडी या कामासाठी विकणार नाही. हतनूरच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पक्षी उतरतात, त्या गाळातून हौशी लोकांनी अशा गाड्या फिरवाव्यात हेही मला पटत नाही. पर्यटनाचा रकाना मी तिथेच बंद केला.

मग शेतकरी. इथे मी सगळ्यात जास्त वेळ दिला, कारण माझं गिऱ्हाईक तेच आहे. पपईवाले, केळीवाले, ऊसवाले, आणि विशेषकरून गाळपेर करणारे. बॅरेजचं आणि उकाईच्या फुगवट्याचं पाणी उतरलं की मोकळी होणारी जमीन लोक पेरतात. पाणी उतरल्या उतरल्या बियाणं टाकलं तर ओल मिळते, पण तेव्हा ट्रॅक्टर जात नाही. बैलही रुततात. हलकी गाडी तिथे खरोखर कामाची. एका गाळपेरवाल्या आप्पांना मी मोबाईलवर डेमोचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला आणि म्हणाले, "पानीमा चालस ते चांगलं शे, दादा. पन बिघडनी ते कोनाकडे लई जावानी?" माझ्याकडेच, मी म्हणालो. "मंग ठीक शे. कितलानी शे?"

किंमत ऐकून ते गप्प झाले. आयात शुल्क, जीएसटी, वाहतूक धरून दारात उभी राहणारी किंमत तीस लाखांच्या वर जात होती. त्या पैशांत दोन चांगले ट्रॅक्टर अवजारांसकट येतात आणि वर काही उरतं. ही गाडी नांगरत नाही, तिला रोटाव्हेटर लागत नाही. चारेकशे किलो माल वाहते. सहा माणसं जमिनीवर, पाण्यात चारच. गाळपेरीचे ते दोन-तीन आठवडे सोडले तर बाकी वर्ष ती शेडमध्ये. शिवाय आमच्या दुकानातली बरीच विक्री महाडीबीटीच्या अनुदानावर चालते. परीक्षण अहवाल असलेलं, यादीतलं अवजार असेल तरच अनुदान. ही गाडी त्या यादीत कुठल्याच नावाखाली बसत नाही. केळीचे घड बागेतून काढायला ती चालेल का, असं रावेरकडच्या एका ओळखीच्या बागायतदाराला विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की दोन ओळींतून ती जाणार नाही आणि जिथे जाईल तिथे छोटा ट्रॅक्टर आधीच जातो.

नर्मदाकाठाचा विचार मात्र मी लवकर सोडला नाही. तिथल्या आरोग्य केंद्रात काम केलेल्या एका डॉक्टरांशी बसून बोललो. मला वाटत होतं, पाड्यावरून रुग्ण घ्यायचा, तसंच पाण्यात उतरायचं, पलीकडे निघायचं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. फुगवट्याचा काठ तिथे बहुतेक ठिकाणी उभा आहे, दगडगोट्यांचा. पाण्यातून वर निघायला गाडीला उतार लागतो, तो दर पाड्याला नाही. आणि पाण्यातलं अंतर मोठं. बोट ज्याला तासभर घेते त्याला ही गाडी तीन-चार तास घेईल. पाड्यापासून काठापर्यंतची पायवाट हा खरा प्रश्न, आणि तिथे झोळीच्या जागी काय येऊ शकतं याचं उत्तर रस्ता हेच आहे. मग ते म्हणाले, "तुम्ही आलात ते चांगलं केलं. विकायला येणारे इथवर येत नाहीत." त्या दिवशी मी फार अस्वस्थ होऊन घरी आलो. ज्या कारणासाठी ही गाडी हवीशी वाटली होती, नेमकं तिथेच ती कामाची नव्हती.

उरलं सरकार. आपत्ती व्यवस्थापन, पाटबंधारे, पोलीस, वीज मंडळ. धुळ्यात एसडीआरएफची, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, पुराच्या बातमीत ती असतेच. चाळीसगावसारख्या ठिकाणी पाणी थांबल्यावर, ओसरायला लागल्यावर गल्ल्यागल्ल्यांत पोचायला, औषधं आणि पाणी न्यायला अशी गाडी उपयोगाची ठरेल, हे मला पटलं होतं. तुटलेल्या तारा बघायला वायरमनला चिखलातून खांबापर्यंत न्यायला तर फारच. सरकारी खरेदी जेम पोर्टलवरून किंवा निविदेने होते. त्यात कंपनीचं अधिकारपत्र, अनामत, मागच्या वर्षांची उलाढाल, सगळं लागतं. आणि देयक निघायला मार्च उजाडतो. हे आम्हाला नवीन नाही, पंप आणि जनरेटर आम्ही दिलेले आहेत.

इथे सौ.चं वाचन कामाला आलं. तिने मसुद्यात एका कलमाखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवली होती. सरकारी, निमसरकारी कार्यालयांना आणि संस्थांना होणारी विक्री कंपनी स्वतः करेल, स्थानिक डीलरला 'हाताळणी शुल्क' मिळेल, आणि विक्रीनंतरची सेवा मात्र डीलरने द्यायची. तीन जिल्ह्यांचा हक्क आमचा होता तो फक्त खासगी गिऱ्हाइकाचा. तिने मला विचारलं, "तुम्ही एवढं फिरलात. खासगी घेणारा एक तरी भेटला का?" नव्हता भेटला.

तरीही मी सीएकडे बसून आकडे मांडले, कारण मनातून विषय जात नव्हता. तीन गाड्या म्हणजे ९० लाख. बँकेची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटचं कर्ज, साडेदहा टक्क्यांनी धरली तर वर्षाचं व्याज साडेनऊ लाखांच्या आसपास. मार्जिन आठ टक्के, म्हणजे एका गाडीमागे २ लाख ४० हजार. नुसतं व्याज भरायला वर्षाला चार गाड्या खपल्या पाहिजेत. प्रशिक्षित मेकॅनिकचा पगार, सुट्या भागांत अडकलेला पैसा, डेमो गाडीचा घसारा धरला की सहा. टार्गेटही जवळपास तेवढंच होतं. आणि साठ दिवसांच्या नोटिशीनंतर शिल्लक गाड्या कंपनी परत घेईल असं मसुद्यात कुठेही नव्हतं. सीए म्हणाले, हे एक वाक्य घालून घेतलंत तरी निम्मी जोखीम जाईल.

आम्ही कंपनीला पत्र लिहिलं. साठा नको, डेमो गाडी कंपनीच्या मालकीची राहू द्या, आम्ही सर्व्हिस सेंटर चालवतो, मेकॅनिक तयार करतो, सुटे भाग ठेवतो. सरकारी विक्री तुम्ही करा, पण प्रत्येक गाडीमागे वार्षिक देखभालीचा करार आमच्याशी करा. पावसाळ्याआधी, म्हणजे जूनच्या आधी, बेअरिंग, सील, साखळ्या आणि पट्टे इथे येऊन पडलेले असावेत. ऑगस्टमध्ये गाडी बंद पडली आणि भाग परदेशातून यायला सहा आठवडे लागले तर त्या गाडीचा कुणाला काय उपयोग? पत्राला फोनवर उत्तर आलं. साहेब बोलायला चांगले होते. म्हणाले, धोरण सगळ्या देशासाठी एकच आहे, तुमच्यासाठी वेगळं करता येणार नाही. हवं तर दोन गाड्यांवर सुरू करा.

मी नाही म्हणालो. भावाला वाईट वाटलं, त्याने दुकानाच्या दर्शनी भागात जागाही बघून ठेवली होती. वडिलांनी एवढंच विचारलं, की घेतली असती आणि पुरात बंद पडली असती तर लोक कंपनीचं नाव घेतील का आपलं? त्यांना उत्तर नको होतं.

या चौकशीत फिरताना एक गोष्ट मात्र दिसली आणि ती मी सोडू शकलो नाही. एका तालुक्याच्या ठिकाणी बचावासाठी दिलेली रबरी बोट बघायला मिळाली. उभयचर गाडी आली तर ठेवणार कुठे, हे दाखवायला तिथल्या लोकांनीच शेड उघडली. बोट घडी घालून कोपऱ्यात, वर सिमेंटची पोती. शेजारी स्टँडवर तिचं टू-स्ट्रोक इंजिन, ज्याला सगळे ओबीएम (आउटबोर्ड मोटर) म्हणतात. मिस्त्रीने टाकीचं झाकण उघडून वास घेतला. मागच्या पावसाळ्यातलं पेट्रोल-ऑइलचं मिश्रण तसंच होतं. कार्बोरेटर उघडला तर तळाशी मधासारखा चिकट थर, जेट बंद. खालच्या पंपातलं इम्पेलर, म्हणजे पाणी फिरवणारं रबरी चक्र, हाताने वाकवलं तर त्याची पाकळी तुटून हातात आली. ते इंजिन पाण्यात सुरू झालंच असतं, तरी थंड पाणी न फिरल्याने काही मिनिटांत जाम झालं असतं. तिथल्या माणसाचा यात दोष नव्हता. त्याला कुणी कधी हे इंजिन कसं ठेवायचं ते दाखवलंच नव्हतं, आणि दुरुस्तीसाठी पैशांची वेगळी तरतूदही नव्हती. तो स्वतः पोहणारा होता, पुरात उतरलेला होता. "चालू झालं तर नेतो, नाहीतर वल्हवतो," असं म्हणाला.

त्या बोटीचा वेग आमच्या आठ चाकी गाडीच्या कितीतरी पट. ती वाहत्या पाण्यात टिकते. ती आधीच इथे आहे, सरकारी पैशांनी घेतलेली आहे. आणि ती चालू करायला लागणारा माल हजारांत येतो.

मिस्त्री आणि मी ते इंजिन दुकानात आणलं. कार्बोरेटर धुतला, इम्पेलर आणि प्लग बदलले, गिअरचं तेल दुधासारखं निघालं म्हणून सील बदललं. शेडमागच्या पाण्याच्या टाकीत उभं करून दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला सुरू झालं आणि मागच्या छिद्रातून पाण्याची धार नीट पडली, म्हणजे पंप चालतो आहे. पन्नासला एक या प्रमाणात मिश्रण कसं करायचं, वापर झाला की गोड्या पाण्यात कसं चालवून धुवायचं, हंगाम संपला की कार्बोरेटर कोरडा कसा करायचा, हे मी मराठीत एका पानावर लिहून लॅमिनेट करून इंजिनाच्या स्टँडला बांधलं.

आता आम्ही ओबीएमच्या सुट्या भागांचा छोटा साठा ठेवतो. मुंबईहून येतो, आगाऊ पैसे फार लागत नाहीत. मिस्त्रीचा पुतण्या हे काम शिकतो आहे. जूनच्या आधी तपासणी, सप्टेंबरनंतर साठवणीची तयारी, असं वर्षाचं दरपत्रक करून आम्ही तिन्ही जिल्ह्यांतल्या संबंधित कार्यालयांना दिलं आहे. काहींनी होकार कळवला, काहींचं पत्र फिरतं आहे. नफा फार नाही, तोटाही नाही.

उभयचर गाडीची फाईल मी ठेवली आहे. कुणी दुकानदार तीच डीलरशिप घेण्याच्या विचारात असेल तर दुकानात येऊन बघावी, आकडेमोड, पत्रं, सगळं दाखवीन. पण येताना आपला मिस्त्री बरोबर आणा, आणि कराराचा मसुदा घरी कुणालातरी पूर्ण वाचायला देऊन या. साखळ्यांचा फोटो आणि ते पांढरं ग्रीस मिस्त्रीने मोबाईलमध्ये जपून ठेवलं आहे, तो तुम्हाला समजावून सांगेल. अशी गाडी इथेच बनू लागली, किंमत निम्म्यावर आली, किंवा गाळपेरीसाठी तिला अनुदानाच्या यादीत जागा मिळाली, तर मी स्वतः पुन्हा पहिल्या पानापासून हिशेब मांडेन.